'प्रति' या उपसर्गाची दोन कामे : चुंबकक्रमाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

(१)

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. संज्ञा संस्कृतोद्भव असावी की परकीय, हा पहिला. ती उच्चारावयास सुलभ आहे की क्लिष्ट, हा दुसरा. हे प्रश्न गौण आहेत असे नाही. परंतु त्यांहून महत्त्वाचा असा एक तिसरा प्रश्न आहे व तो क्वचितच विचारला जातो. संज्ञा हाती घेऊन विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने एक पाऊल पुढे टाकू लागला, तर ती त्याला सत्याकडे नेते की भलतीकडेच? प्रस्तुत लेखात हा प्रश्न पदार्थविज्ञानातील एका लहानशा संज्ञासमूहाला लावून पाहावयाचा आहे. पदार्थातील अणूंचे चुंबकीय आघूर्ण परस्परांच्या अनुरोधाने कसे रचले जातात, याला येथे मी 'चुंबकक्रम' म्हणतो. त्याच्या प्रकारांना मराठीत जी नावे रूढ आहेत, ती चिकित्सेचा विषय आहेत.

निमित्त घडले ते असे. परिभाषेच्या अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांना काही शास्त्रीय संज्ञा देऊन, केवळ नावावरून वस्तूचा गुणधर्म तर्काने लिहावा, असे सांगितले होते. वर्सोव्याहून येणाऱ्या व बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या एका विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे लिहिले : लोहचुंबकीय पदार्थ चुंबकाकडे जोराने ओढला जातो, प्रतिचुंबकीय पदार्थ चुंबकापासून किंचित दूर लोटला जातो, यास्तव प्रतिलोहचुंबकीय पदार्थ चुंबकापासून जोराने दूर लोटला जात असला पाहिजे. पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे सर्वस्वी खोटे आहे. वस्तुतः प्रतिलोहचुंबकीय पदार्थ चुंबकाकडे ओढलाच जातो, मात्र फार दुर्बळपणे.

ही चूक विद्यार्थ्याची मानावी काय? त्याची अनुमानाची रीत निर्दोष होती. एकाच उपसर्गाला दोन शेजारच्या संज्ञांत एकच अर्थ असावा, एवढेच त्याने गृहीत धरले. आणि भाषा वापरणाऱ्याने एवढे गृहीत धरण्याचा अधिकार सोडला, तर परिभाषेला काही प्रयोजनच उरत नाही. न्यायाच्या भाषेत बोलावयाचे तर दोष अनुमात्याचा नसून त्याला पुरविलेल्या हेतूचा होता.

(२)

नावांची परीक्षा करण्यापूर्वी वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

पुष्कळ मूलद्रव्यांच्या अणूंना स्वतःचे चुंबकीय आघूर्ण असते. असा प्रत्येक अणू म्हणजे दिशा असलेली एक सूक्ष्म चुंबकसूची मानता येईल. तापमान पुरेसे अधिक असेल तेव्हा या सूच्या वाटेल तिकडे वळलेल्या असतात, व त्यांची बेरीज शून्य होते. बाहेरून चुंबकक्षेत्र लावले असता त्या किंचित त्या दिशेकडे झुकतात आणि क्षेत्र काढून घेताच पुन्हा विस्कळित होतात. याला समचुंबकत्व म्हणतात. पराचुंबकत्व व अनुचुंबकत्व हे पर्यायही आढळतात. ज्या अणूंना असे स्थायी आघूर्ण नसते, त्यांत बाह्य क्षेत्रामुळे त्याच्या विरुद्ध दिशेचे अत्यल्प आघूर्ण उत्पन्न होते. बिस्मथ, तांबे, पाणी हे पदार्थ या कारणाने चुंबकापासून किंचित दूर सरतात. हे प्रतिचुंबकत्व होय.

येथवर क्रम असा काही नाही. बाहेरच्या क्षेत्राला पदार्थाने दिलेले उत्तर तेवढे आहे. क्रमाचा आरंभ होतो तो शेजारचे अणू परस्परांची दिशा ठरवू लागतात तेव्हा. प्येर व्हाइस यांनी १९०७ मध्ये अशा आंतरिक क्षेत्राची कल्पना मांडली, व हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये त्याचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या विनिमयक्रियेत दाखविले. शेजारच्या सूच्या एकाच दिशेने राहू पाहत असतील, तर बाह्य क्षेत्र नसतानाही पदार्थ चुंबकित राहतो. हे लोहचुंबकत्व. शेजारच्या सूच्या एकमेकींच्या उलट राहू पाहत असतील, व त्यांचे बळ समान असेल, तर क्रम पूर्ण असूनही बेरीज शून्य येते. हे प्रतिलोहचुंबकत्व, त्याची उपपत्ती १९३० नंतरच्या दशकात मुख्यतः लुई नेएल यांनी सिद्ध केली. सूच्या उलट असूनही त्यांचे बळ असमान असेल, तर शिल्लक उरते व पदार्थ चुंबक म्हणून वागतो. याला फेरीचुंबकत्व म्हणतात. तेही नेएल यांनीच १९४८ मध्ये विशद केले. या कार्यासाठी त्यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ध्यानात घ्यावयाचे ते हे की, येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पदार्थ बाहेरच्या क्षेत्राला काय उत्तर देतो, हा एक. पदार्थाच्या आतले अणू एकमेकांशी कसे वागतात, हा दुसरा. पहिला प्रतिसादाचा, दुसरा क्रमाचा. आपल्या परिभाषेने हे दोन प्रश्न एका सुतात ओवले आहेत, आणि त्या सुताची गाठ 'प्रति' या उपसर्गाशी आहे.

(३)

'प्रति' हा मराठीतील अतिशय राबता उपसर्ग आहे, व राबत्या माणसाप्रमाणे त्याच्यावर अनेक कामे पडलेली आहेत. 'प्रतिदिन' यात तो वीप्सा दाखवितो. 'प्रतिनिधी' यात दुसऱ्याच्या जागी असणे, 'प्रतिबिंब' यात सारखेपणा, 'प्रतिसाद' यात उत्तर, 'प्रतिपक्ष' यात विरोध. 'प्रतिपंढरपूर' म्हणताना आपणास पंढरपुराचा विरोध अभिप्रेत नसतो. दुसरे पंढरपूरच अभिप्रेत असते. १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या 'प्रतिसरकार'मध्ये तर समांतरता आणि विरोध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, व त्या शब्दाचे सामर्थ्य त्यांच्या एकत्र नांदण्यातच आहे. परंतु राजकारणात जे सामर्थ्य ठरते, ते परिभाषेत वैगुण्य ठरते.

'प्रतिचुंबकत्व' या संज्ञेत उपसर्गाचा अर्थ 'बाह्य कारणाला विरोधी उत्तर' असा आहे. 'प्रतिक्रिया', 'प्रतिकार' यांच्या पंक्तीत ही संज्ञा बसते, आणि अर्थदृष्ट्या ती समर्पक आहे. 'प्रतिलोहचुंबकत्व' या संज्ञेत मात्र विरोध बाहेरच्या कोणाशीही नाही. तो शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी आहे. एका ठिकाणी विरोधाचे दोन पक्ष म्हणजे पदार्थ आणि क्षेत्र. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही पक्ष पदार्थाच्या आतच आहेत. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा भेद नवा नाही. क्रिया दुसऱ्यावर होते की कर्त्यांमध्येच परस्पर घडते, यासाठी संस्कृत वैयाकरणांनी कर्मव्यतिहार ही स्वतंत्र कोटी मानली. 'त्याने मारले' आणि 'ते मारामारी करू लागले' या वाक्यांतील भेद मराठी बोलणारे मूलही जाणते. जो भेद भाषेला अवगत आहे, तो तिच्या परिभाषेने पुसून टाकावा, हे आश्चर्य आहे.

आणखी एक संदिग्धता विग्रहाची आहे. 'प्रति' हा 'लोहचुंबकत्व' या संपूर्ण पदाला लागला आहे, की 'प्रतिलोह' असे काही कल्पून त्याचे चुंबकत्व सांगितले आहे? पहिला विग्रह घेतला तरी 'लोहचुंबकत्वाचा विरोध' एवढाच अर्थ निघतो. पण प्रतिलोहचुंबकत्व हे लोहचुंबकत्वाचे विरोधी नव्हे. ते त्याचे सख्खे भावंड आहे. दोहोंतही क्रम आहे, दोहोंतही तो विनिमयक्रियेतून येतो, दोहोंतही एका ठराविक तापमानाला तो मोडतो. लोहचुंबकत्वाच्या खऱ्या विरोधी टोकाला आहे ती क्रमहीनता, म्हणजे समचुंबकत्व. आणि त्या संज्ञेतील 'सम' हे पद तर क्रमाचा भास निर्माण करते!

येथे कोणी म्हणेल की, दोष मूळ इंग्रजी संज्ञांचाच आहे. मराठीने केवळ अनुवाद केला. हे अर्धेच खरे आहे. डायामॅग्नेटिझम व पॅरामॅग्नेटिझम ही नावे १८४५ ते १८५० या काळात मायकेल फॅरडे आणि विल्यम ह्यूएल यांच्या विचारविनिमयातून स्थिरावली. ग्रीक 'डाय' म्हणजे आरपार किंवा आडवे. 'पॅरा' म्हणजे शेजारून, समांतर. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगलेली कांडी आडवी राहते की क्षेत्ररेषांना समांतर राहते, हे डोळ्यांना दिसणारे वर्तन त्या नावांत साठविलेले आहे. अँटिफेरोमॅग्नेटिझम हे नाव पुढे विसाव्या शतकात आले. म्हणजे इंग्रजीत 'डाय' आणि 'अँटी' हे दोन पृथक् उपसर्ग आहेत. त्यांवरून विद्यार्थ्याला चुकीचे नाते जोडता येत नाही. आपण दोहोंचेही भाषांतर 'प्रति' असे केले, आणि मुळात नसलेले नाते निर्माण केले.

आपल्या परंपरेत शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे प्रकार सांगितले आहेत. रूढ शब्द अवयवांवरून कळत नाही. पण त्यामुळे तो फसवीतही नाही. यौगिक शब्द अवयवांवरून कळतो. इंग्रजी संज्ञा मराठी विद्यार्थ्याला रूढ शब्दासारख्या असतात. त्या मुकाट्याने पाठ कराव्या लागतात. संस्कृतोद्भव संज्ञा मात्र त्याला यौगिक वाटते, आणि तो तिचे अवयव सोडवू लागतो. पारदर्शकता हा आपल्या परिभाषेचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण खराच आहे. परंतु अपारदर्शक काचेने फक्त दिसत नाही. वाकड्या काचेतून वाकडे दिसते. अर्धपारदर्शक संज्ञा ही अपारदर्शक संज्ञेहून अधिक घातक होय.

(४)

'लोह' या पदाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. लोहचुंबकत्व लोखंडात आहे, तसे निकेलात व कोबाल्टात आहे. उलटपक्षी, घरोघरीच्या ज्या स्टेनलेस पोलादी भांड्यांना चुंबक चिकटत नाही, त्यांतही सुमारे सत्तर टक्के लोखंडच असते. अणूंची स्फटिकरचना बदलल्यामुळे तेथे लोहचुंबकीय क्रम उरत नाही. गॅडोलिनियम या धातूत हा क्रम सुमारे २० अंश सेल्सियसपर्यंतच टिकतो. म्हणजे मुंबईच्या दुपारी तो लोहचुंबक नसतो, आणि शीतपेटीत ठेवताच होतो. लोखंडात हीच मर्यादा ७७० अंश आहे, निकेलात सुमारे ३५८. क्रोमियमचा प्रतिलोहचुंबकीय क्रम ३८ अंशांच्या आसपास मोडतो. तेव्हा क्रम ही द्रव्याची जात नसून द्रव्याची अवस्था आहे. 'लोह' या पदाने अवस्थेला जातीचे नाव दिले.

हे कसे झाले, याचे उत्तर नावांच्या इतिहासात आहे. 'अयस्कान्त' म्हणजे लोहाला प्रिय असलेला. कालिदासाने 'कुमारसंभवा'त उमेच्या रूपाने शंकराचे मन ओढून घेण्याला त्याचीच उपमा दिली आहे. 'चुंबक' म्हणजे चुंबन घेणारा. ही सारी नावे आकर्षणाची आहेत. ओढले जाणे हेच पूर्वजांच्या नजरेत भरले. तथापि रसशास्त्राच्या ग्रंथांत कान्तलोहाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत चुंबक, कर्षक, द्रावक व रोमकान्त यांच्याबरोबर 'भ्रामक' हाही एक आहे : लोहाला फिरविणारा. ओढणे आणि वळविणे यांत भेद आहे, हे त्या वर्गीकरणकारांनी ओळखले होते. वर्सोव्याच्या तांडेलाला होकायंत्राचा जो उपयोग होत आला, तो सूची ओढली जाते म्हणून नव्हे. ती वळते म्हणून. चुंबकक्रमाचे सारे शास्त्र या वळण्याचे, म्हणजे दिशेचे शास्त्र आहे. आपली आधुनिक परिभाषा मात्र अयस्कान्ताच्या बाजूला राहिली. भ्रामकाची तिला आठवण झाली नाही.

(५)

हा वाद केवळ शब्दांचा आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला उत्तर म्हणून वर्सोव्यापासून फार दूर नसलेला एक दगड पुढे ठेवतो.

अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिल या नावाने ओळखला जाणारा काळ्या बेसाल्टचा उभा सुळका आहे. सुमारे साठ मीटर उंचीचा हा पाषाण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी घडामोडींचा अवशेष आहे. सह्याद्रीचे थर ज्या दख्खनी लाव्हाचे बनले आहेत, त्याच कुळातला. या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट व त्याच्या जातीच्या खनिजांचे सूक्ष्म कण असतात. मॅग्नेटाइट म्हणजेच मानवाला माहीत झालेला आद्य चुंबकपाषाण. त्याच्या प्रत्येक रेणुसूत्रात लोखंडाचे तीन अणू असतात. स्फटिकातील एका प्रकारच्या स्थानी असलेल्या अणूचे आघूर्ण ५ बोर मॅग्नेटॉन. दुसऱ्या प्रकारच्या स्थानी असलेल्या दोन अणूंचे ५ व ४. सर्व एकाच दिशेने असते तर बेरीज १४ आली असती. प्रयोगाने ती सुमारे ४ येते, कारण पहिला अणू उरलेल्या दोहोंच्या उलट उभा असतो. अर्थात् आद्य 'लोहचुंबक' हा आजच्या परिभाषेत लोहचुंबकीय नाहीच. तो फेरीचुंबकीय आहे.

लाव्हा थंड होत असता मॅग्नेटाइटचे तापमान ५८० अंशांच्या खाली आले की क्रम उत्पन्न होतो, आणि त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा खडकात कोरली जाते. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी, आणि १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी दख्खनी खडकांतील या दिशांचे अभ्यास प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांचे हे काम पुढेही चालू राहिले. त्या दिशांवरून असे दिसून आले की, लाव्हा वाहिला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीस अंशांवर होता. आज मुंबई उत्तरेस एकोणीस अंशांवर आहे. खंडे सरकतात, या मताला मिळालेला हा भक्कम आधार होता.

परंतु याच मोजणीत एक कूट होते. लाव्हाच्या काही थरांतील दिशा इतर थरांच्या नेमकी उलट होती. का? दोन उत्तरे संभवत होती. एक, त्या काळी पृथ्वीचे क्षेत्रच उलट होते, व खडकाने ते इमानाने नोंदविले. दुसरे, क्षेत्र आजच्यासारखेच होते. पण खनिजातील परस्परविरोधी अणुसमूहांचे बळ तापमानाबरोबर असे बदलत गेले की, थंड झाल्यावर शिल्लक उलट दिशेची राहिली. हे दुसरे उत्तर काल्पनिक नव्हते. नेएल यांनी ती शक्यता १९५१ मध्ये वर्तविली होती, आणि जपानमधील हारुना ज्वालामुखीच्या खडकात असे आत्मविपर्यसन लवकरच प्रत्यक्ष आढळले. पुढे जगभरच्या समकालीन खडकांत एकच दिशा आढळू लागल्यावर पहिले उत्तर सर्वसाधारणपणे खरे ठरले, व पृथ्वीच्या क्षेत्राच्या पलटण्यांचा कालक्रम तयार झाला.

आता परिभाषेकडे वळू. त्या संशोधकांपुढील संपूर्ण प्रश्न एवढाच होता की, हा विरोध क्षेत्राचा आहे की अणूंचा परस्परांशी आहे. बाह्य विरोध आणि आंतरिक विरोध यांना ज्या भाषेत एकच शब्द आहे, त्या भाषेत हा प्रश्न सुटणार नाही असे नव्हे. तो नीट विचारताच येणार नाही. सह्याद्रीच्या दगडाविषयीचा प्रश्न मराठीत विचारता येऊ नये, यापेक्षा परिभाषेच्या अपयशाचे दुसरे प्रमाण ते कोणते हवे?

(६)

दुसरा दाखला प्रयोगशाळेतला आहे, व तोही मुंबईच्या उपनगरांतलाच आहे.

क्रम प्रत्यक्ष पाहण्याचे साधन म्हणजे न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नाही, पण चुंबकीय आघूर्ण आहे. म्हणून स्फटिकातून विखुरताना तो अणूंच्या स्थानांबरोबर त्यांच्या चुंबकीय दिशाही सांगतो. शल व स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर हा प्रयोग केला. थंड अवस्थेत त्यांना असे ठिपके मिळाले की, ज्यांचा अर्थ चुंबकीय दृष्ट्या स्फटिकाचा एकक रासायनिक एककाच्या दुप्पट लांबीचा आहे, असाच होऊ शकत होता. एक अणू वर, पुढचा खाली : पुनरावृत्ती व्हावयास दोन पावले लागतात. नेएल यांची उपपत्ती अशा रीतीने सिद्ध झाली.

तुर्भे येथे १९५६ मध्ये अप्सरा व १९६० मध्ये सायरस या अणुभट्ट्या सुरू झाल्यावर न्यूट्रॉनांचे हे साधन आपल्याकडेही उपलब्ध झाले. तेथील सत्यमूर्ती, नातेरा, यूसुफ व बेगम यांनी, पवईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेल्या सी. एम. श्रीवास्तव यांच्यासह, जस्त-निकेल फेराइटांवरील आपला निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. फेराइटात मॅग्नेटाइटप्रमाणेच दोन प्रकारची स्थाने असतात. जस्ताला स्वतःचे आघूर्ण नाही, व तो पहिल्या प्रकारच्या स्थानी जाऊन बसतो. त्यामुळे पहिल्या समूहाचा दुसऱ्यावरील दाब कमी होतो. जस्ताचे प्रमाण वाढत गेले की, दुसऱ्या समूहातील अणू, जे आजवर पहिल्याच्या धाकाने एका दिशेने उभे होते, ते आपसांत कोन करून उभे राहू लागतात. ही शक्यता याफेट व किट्टेल यांनी १९५२ मध्ये सांगितली होती. तुर्भे-पवईच्या संशोधकांनी ते कोन न्यूट्रॉनांच्या साहाय्याने निश्चित केले.

या अवस्थेला मराठीत काय म्हणावे? येथे अणू एकमेकांच्या अनुकूल नाहीत व सर्वस्वी प्रतिकूलही नाहीत. ते तिरके आहेत. 'लोह', 'प्रतिलोह', 'फेरी' या मालिकेत तिरकेपणाला जागाच नाही. कारण ही मालिका दिशेच्या कल्पनेवर उभारलेलीच नाही. जी परिभाषा आपल्या अंगणातील शोधाला नाव देऊ शकत नाही, तिची पुनर्घटना करणे हा छंद नव्हे, कर्तव्य आहे.

(७)

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य होणार नाही. पुढील सूचना विचारार्थ मांडतो.

प्रथम, प्रतिसाद व क्रम यांच्या नावांची दोन स्वतंत्र कुळे मानावी. 'प्रतिचुंबकत्व' ही संज्ञा प्रतिसादाच्या कुळात आहे तशीच ठेवावी. तेथे उपसर्ग आपले काम चोख करतो. 'प्रति' हा उपसर्ग मात्र पुढे त्याच कुळापुरता राखून ठेवावा.

दुसरे, क्रमाच्या कुळात प्रत्येक नावात 'क्रम' हे पद असावे, व त्याचे विशेषण दिशेवरून घ्यावे. मी प्रथम 'समदिश क्रम' असे नाव योजून पाहिले. परंतु 'समदिक्' हे पद सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या पदार्थासाठी वापरात आहे, व नवा घोटाळा उत्पन्न करण्यात अर्थ नाही. म्हणून मुखावरून नावे सुचवितो. सर्व अणू एका दिशेस तोंड करून असतील तर 'एकमुखी क्रम'. शेजारी एकमेकांच्या उलट तोंडे करून समबळ असतील तर 'विमुखी क्रम'. उलट असून बळ असमान असेल तर 'विषम विमुखी क्रम'. कोन करून असतील तर 'तिर्यङ्मुखी क्रम'. क्रम नसेल तर 'अक्रम' अवस्था. एकमुखाने बोलणे आणि विन्मुख होणे हे मराठीचे रोजचे प्रयोग आहेत. कोश न उघडता या नावांचा अर्थ लागावा.

तिसरे, जुनी नावे एकदम काढून टाकू नयेत. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषेचे जे काम झाले, त्याच्या पाठीशी अनेकांचे श्रम आहेत, आणि रूढीला स्वतःचे असे एक बळ असते. पाठ्यपुस्तकांत रूढ नाव द्यावे. त्याच्या व्याख्येत मात्र क्रमाचे नाव आधी यावे. 'प्रतिलोहचुंबकत्व म्हणजे विमुखी क्रमाची अवस्था' एवढे वाक्य छापले असते, तरी वर उल्लेखिलेला विद्यार्थी चुकला नसता.

यावर एक सबळ आक्षेप आहे, व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास मराठीत होतच नाही. मग या नावांची उठाठेव कोणासाठी? माझे उत्तर असे की, विचाराची पहिली पावले कोणत्या भाषेत पडली, यावर पुढची चाल अवलंबून असते. बारावीपर्यंत मराठी संज्ञांवर पोसलेला विद्यार्थी पुढे इंग्रजी ग्रंथ वाचू लागला, तरी त्याच्या मनातील 'प्रति' त्याच्याबरोबरच जातो. तो दुरुस्त करण्यास त्याला जो काळ लागतो, तो त्याची मंदबुद्धी म्हणून मोजला जातो. हा हिशेब आपण कधी मांडत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मी भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. सुचविलेल्या नावांत शास्त्रदृष्ट्या उणीव असेल तर ती त्या शास्त्राच्या अध्यापकांनी दाखवावी. नावे टिकावीत असा माझा आग्रह नाही. भेद टिकावा असा आहे.

(८)

हे काम आताच हाती घेण्यास एक कारण आहे. २०२२ च्या सुमारास श्मेयकाल, सिनोव्हा व युंगविर्थ यांनी चुंबकक्रमाचा आणखी एक प्रकार स्वतंत्र म्हणून मांडला. त्याला अल्टरमॅग्नेटिझम असे नाव मिळाले. २०२४ मध्ये मँगनीज टेल्युराइडसारख्या पदार्थांत त्याचा प्रायोगिक पुरावाही प्रसिद्ध झाला. यात शेजारचे अणू उलट दिशांचे व समबळ असतात, म्हणून बेरीज शून्यच येते. परंतु दोन्ही समूहांभोवतालची स्फटिकरचना एकमेकींच्या मानाने फिरविलेली असते, आणि त्यामुळे पदार्थातील इलेक्ट्रॉन काही बाबतींत एकमुखी क्रमात असल्याप्रमाणे वागतात.

जुन्या परिभाषेने याचे नामकरण करावयाचे झाले तर काय होईल, याची कल्पना करता येते. कोणी 'प्रति' पुन्हा एकदा वापरील, कोणी 'पर्यायी चुंबकत्व' असे शब्दशः भाषांतर करील, आणि विद्यार्थी आणखी एका खोट्या नात्याचा धनी होईल. क्रमाच्या कुळात मात्र त्याची जागा आधीच ठरलेली आहे : तो विमुखी क्रमाचा पोटभेद आहे, भेदक लक्षण म्हणजे परिसराचे फिरलेले असणे. नाव कोणतेही ठेवा, नाते चुकणार नाही.

परिभाषा करणाऱ्याचे काम वस्तूला लेबल चिकटविण्याचे नसून वस्तूंमधील नाती शब्दांत जपण्याचे आहे. वर्सोव्याच्या त्या विद्यार्थ्याचे टिपण मी चुकीची खूण न करता परत केले. चूक जेथे झाली होती, तेथे दुरुस्ती करण्याचे काम त्याचे नव्हते, आपले होते.